सहावी कडी

"हे हाड कधी मोडलेलंच नाही," डॉक्टर म्हणाला. पडद्यावर माझे दोन्ही पाय कमरेपासून खाली उभे होते, मांस नाही, केस नाहीत, नुसते पांढरे. त्याने पेनाचं मागचं टोक डाव्या नडगीवरून घोट्यापासून गुडघ्यापर्यंत नेलं आणि परत खाली आणलं. खरं तर दुखत होता माझा उजवा खुबा, आणि त्याच्यासाठीच आम्ही आलो होतो. डाव्या पायाचा विषय काढायची कुणाला गरज नव्हती. पण माझी बहीण स्टेफ्का सोबत होती, आणि स्टेफ्काने चौतीस वर्षं शाळेत शिकवलंय. अर्धवट उत्तर तिला खपत नाही. आत शिरताच तिने सांगून टाकलं होतं की चौऱ्याहत्तर साली कुस्तीत याचा डावा पाय दोन ठिकाणी मोडला, तेव्हापासून हा सगळा भार उजव्यावर टाकतो, म्हणून उजवा झिजला. डॉक्टर तिशीतला, फिंडले नावाचा, मऊ आवाजाचा मुलगा. "हाड मोडून जुळलं की तिथे खूण राहते, बाई," तो म्हणाला. "चाळीस वर्षांनीसुद्धा दिसते. इथे काहीच नाही. सत्तरीच्या माणसाची इतकी सुरेख नडगी मी तरी पाहिली नाही." हे त्याने कौतुक म्हणून सांगितलं. मी टेबलाच्या कडेला बसलो होतो, अंगात मागून उघडा असलेला तो निळा झगा, आणि मी त्याची मागची कड मुठीत धरली. पंधरा वर्षं मला माणसांनी दोरांवरून फेकलं, खुर्च्यांनी बडवलं, पण इतकं उघडं कधी वाटलं नव्हतं.

स्टेफ्काने चष्मा काढला, पुसला, परत घातला. "मग हा पाय याचा नाही," ती म्हणाली. "तुमच्याकडे फोटो बदललेत."

"वर नाव आहे, बाई. ओरेस्ट कोवाल्युक."

"नावं माणसंच घालतात. माणसं चुकतात."

डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं. "तुम्हाला आठवतंय ना नीट? डावाच?"

"फार वर्षं झाली," मी म्हणालो. हे उत्तर मला आयत्या वेळी सुचलं नाही. ते बेचाळीस वर्षं माझ्या खिशात तयार होतं.

घरी येताना गाडी ती चालवत होती. एडमंटनमधला मार्च, रस्त्याच्या दोन्ही कडांना काळपट बर्फाचे ढीग, आणि स्टेफ्का प्रत्येक सिग्नलला थोडी आणखी तापत होती. तक्रार करायची हे तिने पहिल्या चौकातच ठरवलं. कुणाविरुद्ध, ते दुसऱ्या चौकात. "डॉक्टरला काय कळणार, त्याच्यासमोर जे ठेवलं ते त्याने वाचलं. चूक त्या फोटो काढणाऱ्या मुलीची. सगळं लक्ष बोलण्यात. उद्या कुणाचा तरी धडधाकट पाय कापतील हे लोक." ती मुलगी म्हणजे रोवेना, छातीवरच्या पट्टीवर नाव होतं. फिलिपिन्सची असावी. तिने माझा पाय दोन्ही हातांनी उचलून काचेवर ठेवला होता आणि म्हणाली होती, "गार लागेल हं, माफ करा." इतक्या हळुवार हातांनी माझ्या त्या पायाला आजवर फक्त एकाच माणसाने हात लावला होता. ती माझी आई. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. बोलायला तोंड उघडलं की काच धुरकट व्हायची, तेवढंच.

आमच्या धंद्याचा कायदा एकच होता: आतलं बाहेर सांगायचं नाही. कुस्ती कोण जिंकणार ते आधी ठरतं, हे आज शेंबडं पोरही सांगेल. कुस्त्या भरवणाऱ्या मालकांनीच वीस-पंचवीस वर्षांमागे टीव्हीवर कबूल करून टाकलं. पण माझ्या काळात ते बोलणं म्हणजे घरभेदीपणा होता. आखाड्यात सज्जन ठरलेला आणि दुर्जन ठरलेला एका गाडीत बसायचे नाहीत, एका हॉटेलात जेवायचे नाहीत. मी सज्जन होतो, 'कोसॅक कोवाल', म्हणजे आमच्या जुन्या देशातला घोडेस्वार शिपाई, पांढरी चड्डी, भरतकाम केलेला पट्टा. आणि पाय मोडल्याचं ठरलं तर तो घरीही मोडलेला असायचा, दुकानातही, न्हाव्याकडेही. बायकोला सांगायचं की नाही यावर आमच्यात वाद व्हायचे. आईबापाला सांगायचं का, हा वाद कधी झालाच नाही. ते प्रेक्षकांत मोडायचे. स्टेफ्काला मी एकदा, मालकांची ती कबुली टीव्हीवर आली तेव्हा, हळूच विचारलं होतं की तुला काय वाटतं. "हे आत्ताचे सगळे नट," ती म्हणाली होती. "तुमच्या वेळी खरं होतं. तुझा पाय मी माझ्या डोळ्यांनी पाहिलाय." संधी अशी दारात येऊन उभी राहते, आणि माणूस बुटाची नाडी बांधत बसतो.

तातोला, म्हणजे आमच्या वडिलांना, यातलं काही ठाऊक नव्हतं. ते रेल्वेच्या रुळांवर काम करायचे, डोलिना नावाच्या आमच्या गावापासून दोन्ही बाजूंना आठ-आठ मैल. बोलणं कमी. मी कुस्तीत शिरलो तेव्हा एवढंच म्हणाले की पोटासाठी कुणाला मारणं बरं नाही, पण मार खाणाऱ्याला पाप लागत नाही. एकदाच कुस्ती बघायला आले. तिसऱ्या रांगेत बसले होते, इस्त्रीचा शर्ट, मांडीवर टोपी. गेतां लाशान्सने, कसाई लाशान्स म्हणायचे त्याला, माझा गळा दोरांत अडकवला आणि तातो उठले. पहारेकऱ्याला चुकवून कठड्यापर्यंत आले आणि त्यांनी टोपीने गेतांच्या पाठीवर सपासप मारलं. साठ वर्षांचा माणूस. गेतां ही गोष्ट पुढे आयुष्यभर सांगायचा. "त्या साली मला लागलेला तेवढाच एक खरा मार," म्हणायचा. गेतां क्वेबेकचा, मी अल्बर्टाचा. त्याला माझी भाषा धड येत नव्हती आणि मला त्याची. आयुष्यात मला जे काही येतं ते त्याने शिकवलं. पडायचं कसं, कण्हायचं कसं, समोरच्याला सांभाळायचं कसं. लोकांसमोर आम्ही हाडवैरी होतो, म्हणून महिन्यातून एकदा कुठल्यातरी शेतरस्त्यावर दोन गाड्या समोरासमोर लावून, काचा खाली करून, आपापल्या गाडीत बसून जेवायचो.

पाय मोडला तो एप्रिलच्या पहिल्या शनिवारी. ठरलेलं असं की गेतां माझा पाय खुर्चीत अडकवून वरच्या दोरावरून त्यावर उडी मारणार, मी दीड महिना नाहीसा होणार आणि मे महिन्यात परत येऊन त्याचा सूड घेणार. त्याने उडी मारली. त्याचं सगळं वजन माझ्या पायाच्या दोन्ही बाजूंना पडलं, माझ्या कातड्याला त्याच्या बुटाचा स्पर्शसुद्धा झाला नाही. मी ओरडलो. त्याने माझ्यावर वाकून शिव्या देत कानात विचारलं, "ठीक ना?" आणि मी त्याचं मनगट दाबलं, म्हणजे ठीक. पंचांपैकी एक जण पूर्वी लष्करी इस्पितळात होता. आतल्या खोलीत त्याने चांगल्या पायाला खरं प्लास्टर घातलं, बोटांपासून मांडीपर्यंत. सगळे हसत होते. कुणीतरी त्यावर पहिली सही केली. दुसऱ्या दिवशी रविवारी तातोचा फोन आला. टीव्हीवर पाहिलं म्हणाले. फोनवर ते नेहमी जरा मोठ्याने बोलायचे, पण त्या दिवशी आवाज खाली होता. "दुखतंय का रे?" त्यांनी विचारलं. मी माझ्या खोलीत एकटा होतो. दार बंद होतं. ऐकायला कुणी नव्हतं. मी म्हणालो, "खूप, तातो." ते म्हणाले, "झोप. पाय उंच ठेव." त्यानंतर आठ दिवसांनी, सोमवारी, ते अवजारांच्या कोठीत, हातात पाना घेऊन बसल्या जागी गेले. हृदय, असं डॉक्टर म्हणाला. "तुझ्या पायाचं मनाला लावून घेतलं होतं त्यांनी," आई म्हणाली. "जेवण उतरत नव्हतं." असं आई सगळ्यांबद्दलच म्हणायची, हे मी मनाला सांगतो. बेचाळीस वर्षं सांगतोय.

गावी निघण्याआधी मी मालकाला फोन केला होता. प्लास्टर काढू का, विचारलं. माणूस वाईट नव्हता. "बाप तुझा आहे, तू ठरव," म्हणाला. म्हणजे मला कुणी अडवलं नव्हतं. हे मी मुद्दाम सांगतो, कारण आमच्या धंद्यातली माणसं म्हातारपणी सगळं मालकावर ढकलतात. प्लास्टर कापायला करवतीची दहा मिनिटं पुरली असती. पण चर्चमध्ये दोन-अडीचशे माणसं येणार होती, त्यांतली निम्मी दर शनिवारी टीव्हीसमोर बसणारी. त्यांच्यासमोर मी दोन पायांवर चालत आलो असतो, तर गेतां खोटा ठरला असता, त्याची उडी खोटी ठरली असती. तेव्हा मला ते फार मोठं वाटलं. अठ्ठाविसाव्या वर्षी माणसाला आपला शब्द म्हणजे आपण असं वाटतं, आणि शब्द कुणाला दिलाय हे बघायचं राहून जातं. आई रोज संध्याकाळी प्लास्टरमधून बाहेर आलेली माझी पाच बोटं हंसाच्या चरबीने चोळायची. गार पडतील म्हणायची. नवऱ्याची शवपेटी पुढच्या खोलीत, आणि ती स्वयंपाकघरात माझी बोटं चोळतेय. मला ते बरं वाटायचं. हे सगळ्यात वाईट, की मला ते बरं वाटायचं.

पेटीला सहा कड्या होत्या. चौघे तातोच्या रुळांवरच्या टोळीतले, पाचवा आमचा चुलतभाऊ, सहावी कडी मुलाची. मुलगा कुबड्यांवर. फादर हावरिश शेजारच्या कुणाला तरी हाक मारणार, तेवढ्यात स्टेफ्का पुढे झाली. एकोणीस वर्षांची होती, मावशीकडून उसने आणलेले काळे बूट घातलेले.

"बाईमाणसाने पेटी उचलायची रीत नाही," फादर हलक्या आवाजात म्हणाले.

"माझा मुलगा लंगडा करून टाकलाय त्यांनी, फादर," आई म्हणाली. "आता रीत कुठून आणू? बाप तिचाही आहे."

चर्चपासून दफनभूमी पाव मैल. बर्फ वितळून सगळा चिखल झालेला. अर्ध्या वाटेत स्टेफ्काचा बूट चिखलात रुतला. ती थांबली असती तर पेटी कलली असती, म्हणून बूट तिथेच सोडून ती मोज्यावर चालत राहिली. कडीने तळहात कापला, ते तिला नंतर कळलं. मी मागून येत होतो, आणि आई माझं कोपर धरून चालत होती, मी पडू नये म्हणून. नुकतीच विधवा झालेली बाई, आणि सावरत होती मला. माझा पाय प्लास्टरच्या आत खाजत होता, जिवंत, गरम, धडधाकट. बापाला खांदा द्यायला देवाने ज्यांना पाय दिलेत त्यांनी तो द्यावा; मी मात्र हुबेहूब लंगडत होतो. कुंपणापलीकडे खडीच्या रस्त्यावर एक तपकिरी गाडी उभी होती. आत टोपी ओढून बसलेला गेतां होता. त्याला आत येणं शक्य नव्हतं, लोकांनी फाडून खाल्लं असतं. सहाशे मैल गाडी हाकत आला होता. त्याने पाठवलेल्या पुष्पचक्रावर नाव नव्हतं. ते सगळ्यांत मोठं म्हणून आईने तातोच्या उशाशी ठेवलं, आणि पुढे मरेपर्यंत दर नाताळच्या आदल्या संध्याकाळी, मेलेल्यांसाठी जास्तीचं ताट मांडलं की ती त्या फ्रेंच माणसाचे हात झडोत म्हणून देवाला सांगायची. साठीनंतर गेतांच्या हातांना कंप सुटला. मी असल्या गोष्टी मानत नाही. पण त्याला आईचं ते मागणं मी कधी सांगितलं नाही, आणि आता तोही गेला.

स्टेफ्काला मात्र त्या दिवसाने काहीतरी दिलं. ती गोष्ट ती लग्नांत सांगायची, बारशांत सांगायची, वर्गात मुलींना सांगायची. आमच्या गावात पेटी उचलणारी पहिली बाई. "माझ्या भावाच्या जागी मी गेले." तिचा नवरा वारला आणि तिने मला, बायकोने सोडलेल्या, गुडघे खिळखिळे झालेल्या माणसाला आपल्या घरात आणलं, तेव्हाही शेजारणीला सांगताना हेच सांगितलं: एकदा त्याच्या जागी मी उभी राहिले, आता थोडं राहिलंय तेही बघू. थंडी पडली की मी घरात थोडा डावा पाय ओढायचो. कुणी सांगितलं नव्हतं. सवय.

गुरुवारी सकाळी तिने पत्र लिहून पूर्ण केलं. हाताने लिहिलं, तिच्या त्या गोल अक्षरांत, दोन पानं. नाश्त्याची भांडी बाजूला सारून तिने मला ते वाचून दाखवलं. त्यात रोवेनाचं नाव तीन वेळा होतं. 'माझ्या भावाचा पाय मोडला तेव्हा ते हजारो लोकांनी पाहिलं आहे, आणि त्यामुळे तो स्वतःच्या वडिलांना खांदा देऊ शकला नाही,' असं एक वाक्य होतं. "खाली तुझी सही," ती म्हणाली आणि पेन माझ्यापुढे ठेवलं. मी पेन उचललं. खोटं बोलायला मला कधी जड गेलं नाही, पण ते नेहमी तोंडाने, अंगाने. कागदावर कधी बोललो नव्हतो. आणि खरं सांगायचं तर, माझ्या बाजूने एखादं माणूस डॉक्टरशी, यंत्राशी, हाडाशी भांडायला उठलंय, हे मला सहन होईना.

"स्टेफ्का, ती मुलगी बरोबर आहे."

"कोण मुलगी?"

"फोटो काढणारी. तो पाय माझाच आहे."

"मग डॉक्टरला वाचता येत नाही."

"येतं."

मग तिचा चेहरा एकदम उजळला. "अरे, मग उजवा मोडला असेल. आपणच इतकी वर्षं डावा-डावा म्हणत बसलो." तिने मला वाट काढून दिली होती. मला त्या वाटेने पळून जावंसं वाटलं.

"कुठलाच नाही," मी म्हणालो.

"प्लास्टर होतं."

"प्लास्टर खरं होतं. आत पाय चांगला होता."

स्टेफ्काने पत्राची पानं एकावर एक नीट जुळवली. "कुणाकुणाला माहीत होतं?"

"आमच्यातल्यांना."

"किती जण?"

"दहा-बारा."

"तो लाशान्स?"

"तो माझा मित्र होता. सगळ्यांत जवळचा."

"म्हणजे परक्या बारा माणसांना माहीत होतं आणि आईला नाही."

"नाही."

"रोज तुझी बोटं चोळायची ती."

"हो."

"उठून दोन पायांवर उभा राहिला असतास तर काय झालं असतं?"

मी खूप शोधलं. "मे महिन्यातली एक कुस्ती बुडाली असती," मी म्हणालो.

"एवढंच?"

"एवढंच."

तिने पत्र फाडलं नाही. घडी करून ॲप्रनच्या खिशात घातलं, म्हणाली, "त्या पोरीची नोकरी तरी वाचली," आणि वर निघून गेली. रविवारपर्यंत आमच्या घरात मीठ दे, दार लाव, औषध घेतलंस का, एवढंच बोलणं झालं. तिने मला जा म्हटलं तर मी कुठे जाणार हा प्रश्न होताच, पण खरा प्रश्न तो नव्हता. तातो नाहीत, आई नाही, गेतां नाही. मी कोण होतो हे आठवणारं या पृथ्वीवर आता एकच माणूस उरलं होतं, आणि तिला आठवणारा भाऊ मी तिच्याकडून काढून घेतला होता. तिची गोष्टही काढून घेतली होती. ज्या जागी उभं राहिल्याचा तिला अभिमान, ती जागा रिकामी नव्हतीच. धडधाकट माणूस मागून चालत होता. मी माझी बॅग पलंगाखालून काढून बघितली. चेन तुटलेली होती.

रविवारी स्टेफ्काची नात लारिसा तिच्या होणाऱ्या नवऱ्याला घेऊन जेवायला आली. ट्रेंट नाव, लाकूड गिरणीत कामाला, मोठा, लाजाळू, ताटात वाढलेलं सगळं संपवणारा. लारिसा मला मामा या अर्थाने वुइको म्हणते. खरं तर मी तिच्या आईचा मामा. पिरोहीची, बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्यांची, दुसरी खेप आली तेव्हा ट्रेंट माझ्याकडे वळला. "लारिसा म्हणत होती तुम्ही कुस्ती खेळायचात. ते सगळं खरं असायचं का हो?"

"वुइकोला काय विचारतोस, त्याचा तर पाय गेला त्यात," लारिसा म्हणाली. "आजी, ती कडीची गोष्ट सांग ना. याने ऐकली नाहीये."

मी काटा खाली ठेवला. स्टेफ्काच्या हातात आंबट सायीचं भांडं होतं. ते तिने टेबलावर ठेवलं, ओठ रुमालाने टिपले, आणि सांगायला लागली. रेल्वेची टोळी, चिखल, मावशीचे बूट, फादर हावरिश. सगळं जिथल्या तिथे. माझा जीव एका जागी अडकला होता, आणि ती जागा जवळ येत होती.

"पण मुलगा असताना तुम्ही का उचललीत?" ट्रेंटने विचारलं.

स्टेफ्का माझ्याकडे वळली नाही. "त्याचा पाय मोडला होता," ती म्हणाली. "दोन ठिकाणी. उभं राहवत नव्हतं त्याला. रडत होता, मला नेऊ द्या म्हणून."

मी रडलो नव्हतो. तसं मी काही म्हणालोही नव्हतो. इतक्या वर्षांत हे गोष्टीत कधीच नव्हतं. ट्रेंट माझ्याकडे बघत होता, त्या मोठ्या माणसाचे डोळे ओले झाले होते, आणि स्टेफ्काने सायीचं भांडं उचलून माझ्या ताटात वाढायला घेतलं. ही गोष्ट तिने आजवर शंभर वेळा तरी सांगितली असेल, आणि दर वेळी ती तिच्यापुरतं खरंच बोलत होती. खोटं ती आज पहिल्यांदा बोलली.